साडेसहा नलू

इथल्या मराठी मंडळाने माधवी सरनाईक यांना निरोप दिला तेव्हा केकवर क्रीमने लिहिलं होतं, 'बाय बाय माधवीताई'. मी तो केक खाल्ला नाही. कुणीतरी बशी हातात कोंबली, ती मी खुर्चीखाली ठेवून दिली. ज्या बाईला लोक निरोप देत होते तिला मी ओळखत नाही. मी ओळखतो त्या नलूताईंना. त्यांना जायचं नव्हतं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी सगळे टाळ्या वाजवत होते. एक बाई तर म्हणाल्या, "लकी आहात हो, मुलगा किती काळजी करतो." त्या काळजीबद्दलच मला लिहायचं आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जन्मभर हडपसरला पिठाची गिरणी चालवली. तेव्हा यात नक्षीकाम सापडायचं नाही.

नलूताई इथे परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरात, आमच्या मुलाच्या घरासमोर राहायच्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या. थंडीत पायात मोजे आणि मोज्यांवर जॅंडल्स, म्हणजे रबरी सपाता. अंगात गेलेल्या नवऱ्याचा चौकड्यांचा लोकरी शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारा. चहात साखर घालायच्या नाहीत, पण चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायच्या. रेडिओवर बातम्या लागल्या की रेडिओशी भांडायच्या. "अरे मूर्खा, पुढचं विचार ना त्याला!" नोकरी त्यांनी बियाणं तपासायच्या लॅबमध्ये केली होती. गवताचं बी चिमट्याने उचलायचं, भिंगाखाली बघायचं, भरलेलं एकीकडे आणि पोचट एकीकडे. रिटायर झाल्या तरी ती सवय गेली नाही. माणसांनाही तसंच निवडायच्या. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण संपलं की माझ्या कानात म्हणायच्या, "पोचट."

आमची ओळख झाली ती माझी बायको सुमन गेली त्या हिवाळ्याच्या तोंडाशी. लोक भेटायला येत होते. प्रत्येक जण एकच म्हणायचा, "सुटल्या बिचाऱ्या." सुटली कसली? तिला राहायचं होतं. डायलिसिस करून घरी आली आणि मला म्हणाली, मटकी भिजत घाला, परवा उसळ करते. ज्या बाईला सुटायचं असतं ती मटकी भिजत घालायला सांगते का? पण हे कुणाला सांगणार? लोक सोफ्यावर बसायचे, सुटल्या म्हणायचे, मुलाला मॉर्गेजचं विचारायचे आणि जायचे.

नलूताई आल्या आणि म्हणाल्या, "वाईट झालं. फार वाईट झालं." बस, एवढंच. बराच वेळ बसल्या. उठताना म्हणाल्या, "रिकामे बसू नका. उद्या दहाला माझ्या गॅरेजमध्ये या. काम आहे."

मला वाटलं, कपाटबिपाट हलवायचं असेल. गेलो. गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. लांबलचक टेबल, त्यावर एक दाबाचं यंत्र बोल्टने आवळलेलं, सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा, आणि ट्रेमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या रांगेत उभ्या. कोपऱ्यात जमिनीला ठोकलेली लोखंडी तिजोरी. मी दारातच थांबलो.

"ताई, दंगल करायची आहे का?"

"बसा, गिरणीवाले. हात धुतलेत का?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी गिरणीवाले. आप्पा नाही, काका नाही. माझ्या पुढ्यात त्यांनी एक ट्रे आणि फडकं सरकवलं आणि पुंगळ्या पुसायला लावल्या. मी पुसल्या. घरी बसून भिंत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

तिजोरीत रायफल होती, त्यांच्या नवऱ्याची, माधवरावांची. इंजिनियर होते. कामावरच्या गोऱ्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जायला लागले, मग त्यांच्यामागून याही जायला लागल्या आणि त्यांच्यापेक्षा बऱ्या झाल्या. रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा खाली सरकतो, हाताने काडतूस आत सरकवायचं, दांडा वर घ्यायचा. बाकीच्या रायफलींचा बोल्ट उजव्या हाताला असतो आणि नलूताई डावऱ्या. लहानपणी डाव्या हाताने पोळी तोडली म्हणून उलथन्याचा मार खाल्लेल्या. "हिला डावं-उजवं कळत नाही," असं त्या रायफलीबद्दल बोलायच्या, एखाद्या समजूतदार माणसाबद्दल बोलावं तसं. नेमबाजीच्या क्लबात कुणी विचारलं, पाच गोळ्यांची का घेत नाही, तर उत्तर ठरलेलं, "ज्याला घाई आहे त्याने पाचांची घ्यावी."

माधवराव गेल्यावर त्या एकदा एकट्या गेल्या होत्या, वर डोंगराकडे, एका ओळखीच्या शेतावर. माधवरावांचं काडतूस जाड, दणका मोठा. यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. चाप ओढायच्या क्षणी दणक्याच्या भीतीने खांदा आखडला आणि गोळी हरणीच्या पोटात गेली. हरणी झाडीत पळाली. या अंधार पडेपर्यंत शोधत राहिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेल्या. रक्त ओढ्यापर्यंत दिसलं, पुढे काही नाही. मला हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "पोटात गोळी घेऊन किती वेळ जगली असेल? माझ्यामुळे! एक तर नीट मारायचं, नाहीतर बंदुकीला हात लावायचा नाही." आणि मग त्यांनी हात लावला नव्हता. रायफल तिजोरीत, नळी आतून गंजत चाललेली.

आता त्यांना नवी नळी बसवून घ्यायची होती आणि काडतूस बदलायचं होतं. दणका आपल्या खांद्याला सोसेल असा, पण हरणी जागच्या जागी पडेल एवढा. आणि एकदा, एकच हरणी, नीट. एवढंच त्यांना हवं होतं. मी विचारलं, "दुकानात तसली काडतुसं मिळत नाहीत का?"

"दुकानात ब्लाउजही मिळतात. सुमनताई तयार घ्यायच्या?"

"नाही. कोपऱ्यावरच्या टेलरकडे."

"का?"

"दंडाला बसायचे नाहीत तिला."

"मग? हे तसंच. तयार पुंगळी घ्यायची, तिचं तोंड आवळायचं, पोट थोडं फुगवायचं आणि आपल्याला हवी ती गोळी बसवायची. कुठल्या कंपनीचं नाही, कुठल्या दुकानात नाही. वाइल्डकॅट म्हणतात. रानमांजर." मग फडकं माझ्याकडे फेकून म्हणाल्या, "दंड जाड होते का त्यांचे?"

"चांगलेच. पोती उचलायची माझ्याबरोबर."

सुमन गेल्यापासून ती जिवंत असतानाचं काही विचारणारं हे पहिलं माणूस.

पुंगळी घ्यायची थ्री-नॉट-थ्रीची, हे त्यांचं ठरलं होतं. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर असायची ती. तिच्या बुडाला काठ असतो, त्यामुळे असल्या रायफलीतून ओढून काढायला बरी. प्रश्न पुढचा. तोंड आवळून पाव इंचाची गोळी बसवायची की साडेसहा मिलिमीटरची? पाव इंचाची हलकी, खांद्याला मऊ. पण आमच्या कॅंटरबरीचा नॉर्वेस्टर वारा सुटला की कपडे वाळत घातलेली दोरी तुटते, तिथे हलकी गोळी कुठल्या कुठे जायची. साडेसहाची लांब, जड, सरळ जाणारी, पण दणका जरा जास्त. बाई यावर महिनोन् महिने घालवत होत्या. सोमवारी पाव इंच, गुरुवारी साडेसहा. खांद्यावर टॉवेल ठेवून मला म्हणायच्या, इथे मुठीने ठोसा मारा, जोरात, अजून जोरात. मी वैतागलो.

"अहो, लग्नाचं स्थळ बघताय की काय?"

"स्थळ मला कुणी बघू दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून हे बघतेय."

तेव्हा मला त्यातलं अर्धंच कळलं.

शेवटी साडेसहा ठरलं. नळी बसवणारा ट्रेवर, हॉर्नबीतल्याच वर्कशॉपांच्या गल्लीत त्याची शेड. अंगाने फ्रीजएवढा, बोलायला मऊ. त्याने परोपरीने समजावलं. नळीत काडतुसाचं घर एकदा कापलं की कापलं, परत जोडता येत नाही. उद्या तुझे हात थकले तर या रायफलीला खायला घालणारं जगात कुणी नाही. विकायला काढलीस तर कुणी घेणार नाही. माधवीची त्याने मॅडी केली होती. "कुठलंही दुकानातलं घे, मॅडी. स्वीट ॲज, झकास चालेल."

"माझ्यामागे कुणी वापरावी म्हणून मी करतच नाही, ट्रेवर. काप."

नळीवर काडतुसाचं नाव कोरावं लागतं. कोरलं नाही आणि पुढे कुणी भलतंच काडतूस भरलं तर रायफल तोंडावर फुटायची. आणि रानमांजराला नाव द्यायचं ते ज्याने ते केलं त्याने. ट्रेवरने विचारलं, काय नाव? मला वाटलं, आता माधवरावांचं नाव येणार. रायफल त्यांची, शर्ट त्यांचा.

"सिक्स पॉइंट फाइव्ह नलू."

"हू इज नलू?"

"मी."

परत येताना फाटक पडलं. लांबच लांब मालगाडी चालली होती. डबे जात होते आणि त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बोलत होत्या. "लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं. सगळ्या बायका म्हणाल्या, वाच. मी वाकून वाचलं तेव्हा मला कळलं की मी कोण. माधवी. माधवची माधवी."

"तुम्हाला आधी विचारलं नाही?"

"विचारलं की. सासऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, आता तुमचीच मुलगी." मग हसल्या. "माधवराव वाईट नव्हते हो. पण हाक मारताना त्यांना आपलंच नाव घेतल्यासारखं वाटायचं. म्हणून जन्मभर मला 'अगं' म्हणाले."

आमच्यात ती पद्धत नव्हती. सुमन जन्मली सुमन, गेली सुमन. फाटक उघडलं, मागच्याने हॉर्न मारला. मी म्हणालो, "चला, नलूताई." त्यांनी गियर टाकला, पण त्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं.

ट्रेवर दुसऱ्या दिवसापासून नलू म्हणायला लागला, अगदी नीट, ळ नाही, लु नाही. त्या गोऱ्याला एका दिवसात जमलं. मंडळाला त्यांनी स्वतः सांगितलं तर लोक हसले. "इश्श, आता या वयात नवीन नाव?"

नवीन!

मग रव्याची गंमत. आवळलेल्या पुंगळीचं पोट नव्या नळीच्या मापाला फुगवायचं तर एकदा बार काढावा लागतो. त्यासाठी चांगली गोळी कशाला वाया घालवा? थोडी बंदुकीची दारू, वर धान्याचा भरडा, तोंडाला मेणाचं बूच. गोरे लोक त्यांच्या लापशीचं पीठ वापरतात. नलूताईंनी हॉर्नबीतल्या इंडियन दुकानातून रव्याच्या दोन पिशव्या आणल्या आणि माझ्यापुढे आपटल्या.

"गिरणीवाले, जाड की बारीक?"

"अहो, शिरा करायच्या रव्याने तुम्ही बंदूक उडवणार?"

"शिऱ्याने काय झालंय एवढ्या वर्षांत? लोकांची तोंडं बंद झाली फक्त. सांगा, जाड की बारीक?"

मी बोटांत चोळून बघितलं आणि बारीक म्हणालो. नदीच्या पात्राजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिल्या बाराला पांढरा लोट उठला आणि वाऱ्याने परत आमच्याच अंगावर आला. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने कानांवरचा मफ काढून विचारलं, हे काय मारतेस तू? "ब्रेकफास्ट," त्या म्हणाल्या. पुंगळी थंड झाल्यावर त्यांनी मला दाखवली. तोंडाखालचा तिचा खांदा कसा ताठ उभा राहिलेला, पोट सरळ. भुवयांवर रवा, केसांत रवा, आणि बाई पुंगळी उन्हात धरून फिरवून फिरवून बघतायत. सुमन गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो ते तिथे. घरी आल्यावर त्याचा मला रागही आला, पण तो माझा प्रश्न.

गणपतीत हॉलवर कुणीतरी बोललंच. प्रसादाच्या रांगेत, प्रसाद वाटणारी बाईच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माधवीताई, घरात बंदूक आणि गॅरेजमध्ये गिरणीवाले आजोबा! मज्जा आहे तुमची." बायका हसल्या. माझी बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं. माझ्या तोंडात शिवी आली होती. नलूताईंनी माझी बाही धरली आणि त्या बाईंना म्हणाल्या, "बंदूक तिजोरीत ठेवते. आजोबा तिजोरीत मावत नाहीत, काय करू?" आणि डावा हात पुढे केला. ती बाई म्हणाली, "उजवा." नलूताई म्हणाल्या, "हाच माझा उजवा." प्रसाद घेऊनच हलल्या.

गोळी भरून रेंजवर पहिल्यांदा नीट नेम धरला त्या दिवशी कागदावरची तीन भोकं एका बाटलीच्या बुचाखाली झाकली जात होती. त्यांनी खांदा फिरवून बघितला, दाबून बघितला. "दुखत नाही," म्हणाल्या. "गिरणीवाले, मुळीच दुखत नाही!" शेतवाल्याला फोन झाला. गवत पिवळं पडलं की ये, म्हणाला.

ख्रिसमसला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, त्यांचा मुलगा रोहन आला. ऑकलंडला फ्लॅट बुश भागात त्याचं मोठं घर आहे, आयटीत आहे. मुलगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट असता तर मला एवढा संताप आला नसता. त्याने रायफल बघितली, नळीवरची अक्षरं वाचली. "हू इज नलू?" नलूताई म्हणाल्या, "मी." तो हसला, फोन वाजला म्हणून बाहेर गेला. मी त्यांना म्हणालो, सांगा ना त्याला. त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

उन्हाळा सरता सरता नलूताईंचं बंदुकीचं लायसन्स संपायला आलं. नव्याने मिळायचं तर दोन माणसांना विचारतात, एक घरचं, एक बाहेरचं. बाहेरचा मी. लायसन्सवाल्या बाई आमच्याकडे आल्या. माझा मुलगा मध्ये बोलायला लागला, त्याला मी गप्प बसवलं. बाईंनी विचारलं, ती सुरक्षित वागते का? मी म्हणालो, "व्हेरी सेफ. शी वेइंग एव्हरीथिंग." तिला राग येतो का? "येस. हीप्स. बट ऑन करेक्ट पर्सन." हीप्स म्हणजे ढीगभर. बाई हसल्या, चहा प्यायल्या, गेल्या. मला वाटलं, झालं काम.

घरचं माणूस रोहन. त्याला फोनवर विचारलं. आणि तो म्हणाला की त्याला काळजी वाटते. बाबा गेल्यापासून आई ठीक नाही. स्वतःला दुसऱ्याच कुठल्या नावाने हाक मारते. बाबांच्या रायफलवर तिने कुणा भलत्याच बाईचं नाव कोरून घेतलंय.

हे नलूताईंना लायसन्सवाल्या बाईंनी सांगितलं, जपून, नियमाप्रमाणे. मी गॅरेजमध्ये होतो. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि रोहनला लावला. उभ्याच होत्या.

"आई, मी तुझ्या अगेन्स्ट नाही बोललो. त्यांनी विचारलं, एनी चेंजेस? मी खरं सांगितलं."

"काय खरं?"

"की तू स्वतःला नलू म्हणतेस. आय मीन, व्हेअर डिड दॅट कम फ्रॉम?"

"माझ्या आईबापाकडून! नलिनी. जन्मल्यापासून लग्नापर्यंत मी नलू होते. दुसरं कुठलं नाव नव्हतं मला."



"तू कधी सांगितलं नाहीस," रोहन म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस."

"ओके. सॉरी. आय डिडन्ट नो. खरंच सॉरी."

"मग त्यांना फोन कर. चूक झाली म्हण."

मी टेबलाची कड धरून बसलो होतो. आता करेल, आता म्हणेल करतो.

"आई, तरी पण," रोहन म्हणाला. "नावाचं जाऊ दे. तू एकटी राहतेस. सत्तरी आली. गन कशाला हवी? इट्स नॉट अबाउट द नेम."

मला अजून रात्री झोपेत ते 'तरी पण' ऐकू येतं. आई वेडी झाली असं वाटत होतं तोवर मी समजू शकत होतो, भ्याला असेल पोरगा. पण वेडी नाही, चूक माझीच, हे कळल्यावरही तो तक्रार मागे घेईना! पोटच्या पोराला आईचं नाव माहीत नाही, आणि त्याच्या न माहीत असण्याचा पुरावा आईविरुद्ध! वर त्याला म्हणायचं काळजी. मी ओरडलो, "अरे, फोन कर त्यांना!" रोहन म्हणाला, "हू इज दॅट?" नलूताईंनी फोन बंद केला.

पुढे डॉक्टरांचं पत्र मागितलं. मी बरोबर गेलो, बाहेर बसलो. आत डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी घेतली. आज वार कोणता, घड्याळ काढा, आणि तुमचं नाव काय? नलूताईंनी विचारलं, "कोणतं? तुमच्या कागदावरचं की माझं?" गाडीत मी त्यांच्यावर चिडलो. "माधवी म्हणायचं ना! एक शब्द! काय झिजलं असतं?"

"एवढी वर्षं तेच तर म्हणत आले, गिरणीवाले. काय मिळालं?"

डॉक्टरांनी काय लिहिलं माहीत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे कागद होता. लायसन्सवाले नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. अजून एकदा बोलू म्हणाले. तोवर जुनं संपलं. रायफल, गोळ्या, दारू, सगळं ट्रेवर येऊन त्याच्या तिजोरीत ठेवायला घेऊन गेला. जाताना तो नलूताईंकडे बघत नव्हता. तिकडे डोंगराखाली गवत पिवळं पडलं. शेतवाल्याचा फोन आला, हरणं उतरली आहेत, कधी येतेस?

"या वर्षी नाही," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि रेडिओ लावला, पण रेडिओशी भांडल्या नाहीत.

मग रोहन आला. हिवाळाभर चल आमच्याकडे, नातीला मराठी शिकव. हिवाळाभर म्हणून गेलेल्या बाईच्या अंगणात महिन्याभरात 'फॉर सेल'ची पाटी लागली. मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्या एजंटला मराठीत बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मंडळाने केक केला तो नलूताई त्या घराच्या चाव्या द्यायला दोन दिवस आल्या होत्या तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी ट्रेवरची व्हॅन दारात उभी राहिली. लायसन्स नसलेल्या माणसाला इथे गोळी चालवता येते, पण लायसन्सवाला शेजारी हाताच्या अंतरावर उभा पाहिजे. शिकाऊ पोरांना देतात तशी परवानगी. रोहन म्हणाला, ओके, एक तास. तो आपल्या भाड्याच्या गाडीतून मागे आला आणि रेंजच्या फाटकापाशी गाडीतच बसला, इंजिन चालू ठेवून.

नॉर्वेस्टर होता, पण बेताचा. डोंगरांवर थोडा बर्फ. दुसरं कुणी नव्हतं. नलूताई बाकावर बसल्या, शर्टाची बाही दुमडली. भरलेली काडतुसं एका लाकडी ठोकळ्यात उभी होती. जगात त्यांच्याशिवाय कुणाच्या कामाची नव्हती ती. तो ठोकळा त्यांनी माझ्या हातात दिला.

ट्रेवर त्यांच्या मागे उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण अवघडला होता. त्याने तोंड वळवलं आणि नदीकडे बघायला लागला, म्हणजे बाईंना पहारा वाटू नये.

नलूताईंनी मफ मानेवर ओढला. "ट्रेवर, नदीकडे काय बघतोस? कायदा म्हणतो माझ्याकडे बघ."

"नलू, आय नो यू डोन्ट नीड..."

"बघ."

तो वळला. बघत राहिला. सगळ्यांनी मफ कानांवर चढवले. नलूताईंनी दांडा ओढला, मी एक काडतूस दिलं, त्यांनी आत सरकवलं. श्वास घेतला, थोडा सोडला. बार झाला. खांदा जागचा हलला नाही. लांबवर कागद थरथरला. ट्रेवरने दुर्बिणीतून बघितलं आणि नुसता नाकातून श्वास सोडला.

फाटकाकडून गाडीचे दिवे दोनदा लागले-विझले. रोहन हॉर्नही वाजवत असेल. आमच्या सगळ्यांच्या कानांवर मफ होते.

मी नलूताईंच्या खांद्याला हात लावून फाटकाकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. दांडा खाली ओढला. पुंगळी बाहेर आली, गरम, धूर येत असलेली. ती चिमटीत धरून त्यांनी बाकावर उभी केली, आणि डोळे कागदावरच ठेवून माझ्यापुढे हात पसरला, पुढच्या काडतुसासाठी.